बाईसाहेबांची दुसरी फेरी

"काका, तुमच्या पान एकचं आणि पान नऊचं जमत नाहीये," पुस्तिका टाइप करणारी कॉन्स्टेबल पोरगी म्हणाली.

निवृत्त हवालदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. श्वानपथकाला पन्नास वर्षं झाली म्हणून पथकाचा इतिहास त्यांच्याकडून लिहून घेतला होता. उद्या प्रकाशन, साहेबांच्या हस्ते. साहेब आता इतके मोठे झाले होते, की प्रकाशनाखेरीज त्यांना काम उरलं नव्हतं.

पान नऊ सगळ्यांचं लाडकं. वीस वर्षांपूर्वी पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीतून जप्तीचे दागिने गेले. चोरी पोलिसांकडेच झाल्यामुळे तपास ताबडतोब सुरू झाला. अख्खं ठाणं रांगेत उभं केलं, तेव्हा ठाण्याचे प्रमुख असलेले साहेबही. हवालदारांच्या कुत्रीला सगळे बाईसाहेब म्हणत. तिला फोडलेलं कुलूप हुंगवलं. बाईसाहेब रांगेवरून गेल्या आणि थेट साहेबांपुढे बसल्या. बसणं म्हणजे 'हाच तो'.

मग हवालदार ओरडले, "साहेबांच्या खिशात बिस्किटं आहेत!" सगळे पोट धरधरून हसले. साहेब सगळ्यात शेवटी हसले. दुसऱ्या फेरीत बाईसाहेब ठाण्याच्या झाडूवाल्यापुढे बसल्या.

पुढच्याच महिन्यात हवालदारांना क्वार्टर मिळालं. हवेशीर, दोन खिडक्यांचं.

झाडूवाला चार वर्षं आत होता. जाताना त्यानं हवालदारांनाच धीर दिला होता, "मुकं जनावर ते, चुकलं असेल. तिला मारू नका हं." सुटून आल्यावरही बाजारात दिसला की हाक मारून विचारायचा, "बाईसाहेब बऱ्या आहेत ना?" हवालदारांनी बाजार बदलला.

"काय जमत नाहीये?" त्यांनी विचारलं.

"पान एकवर तुम्हीच नियम दिलाय. पथकाचं कुत्रं आपल्या हवालदाराशिवाय कुणाच्या हातचं खात नाही, परक्याच्या खाऊकडे ढुंकूनही बघत नाही. मग बाईसाहेब बिस्किटांसाठी साहेबांपुढे कशा बसल्या?" पोरीच्या मनात काही नव्हतं, तिला फक्त पानं जुळवायची होती. "दोन्हींतलं एक खोडते. कुठलं खोडू? उगाच लोक हसतील."

लोक वीस वर्षं हसतच होते. एवढं साधं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

हवालदारांनी खिडकीबाहेर बघितलं. मैदानावर एक नवं पिल्लू बसायला शिकत होतं आणि दर वेळी चुकीच्या क्षणी बसत होतं.

"बिस्किटं खोड," ते म्हणाले. "नव्हतीच."

पोरीनं बिस्किटं खोडली. "अन् झाडूवाला? त्याच्यापुढे पण बसली की ती."

हवालदारांनी पान चार काढून तिच्यापुढे सरकवलं. कुत्र्याच्या शिक्षणाचा पहिला धडा तिथं एका ओळीत होता : पट्टा दोनदा हलकेच खाली ओढावा, कुत्रं बसतं.

"लिही," ते म्हणाले. "दुसऱ्या फेरीत मी पट्टा दोनदा ओढला."