दोन रांजणांतलं बाळ

"गवारेबाई, यंत्राला एकच पूर्वज पुरतो. द्या लवकर," उत्खननाच्या चरीच्या काठावर खुर्ची टाकून सुर्वेसाहेब म्हणाले.

पूर्वज ठरला की दोन आळ्यांची ही अख्खी टेकडी त्याच्या वारसांची. बाकीच्यांनी घरं सोडायची. नवा कायदाच तसा होता. मूळयंत्राला जुना दात दिला की ते आजचे वारस सांगायचं, आणि उत्खनन करणाऱ्याचा अंगठा उमटला की निकाल पक्का.

कुंदा गवारेने जपून दात उचलला. तिच्यासमोर, प्राचीन घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले होते. तान्ही मुलं इथे अशीच पुरत. एक रांजण चाकावरचा, नक्षीदार. दुसरा हाताने थापलेला, ओबडधोबड. आत एकच बाळ; हिरडीतून वर न आलेला हा दात त्याचाच.

दात आत ठेवताच यंत्र बोललं, "वारस वरची आळी. वारस खालची आळी."

"बिघडलंय!" साहेब उठलेच. "दुसरं थडगं उकरा. एकाच कुळाचा, स्वच्छ दात काढा."

"म्हणजे आमचा घाणेरडा होय रे?" खालच्या आळीची म्हातारी रतनबाई काठावरून कडाडली.

वरच्या आळीची गोदाआजी तिला म्हणाली, "आमचा काय गं? आपला म्हण."

स्वच्छ दात शोधला असता तर सापडलाही असता, हे कुंदाला ठाऊक होतं. तिने मातीने माखलेला अंगठा पदराला पुसला.

"बाई, नोकरी जाईल!"

"मग कुणाच्या हुकुमाशिवाय आणखी एक चर खणायला मोकळी झाले," कुंदा म्हणाली आणि तिने दोन्ही आळ्यांच्या निकालावर अंगठा दाबला.

दोघी म्हाताऱ्या चरीत उतरून रांजणांची तोंडं पुन्हा जुळवू लागल्या होत्या.