भिकाची बुडी

भिका तिसऱ्यांदा पाण्यातून वर आला आणि त्यानं नुसती मान हलवली.

काठावरच्या माणसांनी एकदम उसासा टाकला. 'नीलतरंग' वसाहतीला अजून वर्षही झालं नव्हतं. नाशिकपासून अर्ध्या तासावर, वनोद्यानाच्या कडेला, धरणाच्या फुगवट्यावर चोवीस नवी रो-हाऊस. प्रत्येकाच्या गॅलरीतून पाणी दिसेल अशी. आज सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

सात नंबरच्या घरातली संजना सकाळी सव्वासहाला पाण्यात उतरली होती. वॉचमननं लांबून पाहिलं. आधी गुडघाभर, मग कमरेभर, मग नुसतं धुकं. तो ओरडत धावत पोचला तेव्हा पायऱ्यांवर तिच्या चपला होत्या आणि पाणी गप्प होतं.

अशा वेळी या भागात एकाच माणसाला बोलावतात. भिका पलीकडच्या काठावरचा. बुडालेली माणसं शोधून काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती आणि त्याच्या शब्दावर पोलीसही दुसरा माणूस आणत नसत. नीलतरंगचे लोक राहायला आल्यापासून तो त्यांना नावेतून फिरवायचाही. संजना त्याच्या ओळखीची होती.

"मधोमध बघ ना," संजनाचा नवरा ज्ञानेश काठावरून म्हणाला. "किती वेळ लावणार आहेस?"

"घाई करून चालायचं नाय, साहेब," भिका म्हणाला आणि पुन्हा खाली गेला.

ज्ञानेश हवालदारांना सांगत होता, "रात्री थोडी बोलाबोली झाली. कुणाच्या घरात होत नाही?" आठ नंबरच्या बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मधली भिंत पातळ होती. संजना दोनदा माहेरी, कळवणला निघून गेली होती आणि दोन्ही वेळा ज्ञानेश तिला परत घेऊन आला होता. दुसऱ्या वेळी आली ती हाताला प्लॅस्टर घालून. भिकालाही ते माहीत होतं. नावेत चढताना तिला एका हातानं काठ धरता येत नव्हता.

दुपारी बाराच्या सुमाराला कळवणहून तिची आई आली. सुलाबाई. जीपमधून उतरली ती तडक पायऱ्यांवर येऊन बसली.

"माझ्या लेकीला थंडी वाजत असंल रे बाबा," ती भिकाला म्हणाली. "लवकर काढ तिला."

भिकानं तिच्याकडं बघितलं नाही. चटकन बुडी मारली आणि या वेळी तो इतका वेळ खाली राहिला की हवालदार पाण्याजवळ येऊन उभे राहिले.

"तुमच्या पोरीनं माझी पार अब्रू घालवली," ज्ञानेश सासूला म्हणाला. "उद्या कंपनीत तोंड दाखवायचं कसं मी?"

सुलाबाईनं पदर तोंडाला लावला.

चार वाजले. भिकानं गळ टाकून सगळा काठ चाचपला होता. त्याचे ओठ निळे पडले होते. तो बाहेर आला, पायरीवर टेकला.

"साहेब, हितं कुणी नाय," तो हवालदारांना म्हणाला.

"म्हणजे खोल गेली."

भिका केसांतलं पाणी निपटत राहिला.

"तीन-चार दिवस वाट बघावी लागेल," हवालदार म्हणाले.

"मग मी निफाडला भावाकडे जातो," ज्ञानेश म्हणाला. "मला इथं थांबवत नाही."

"आधी ठाण्यावर चला. जबाब घ्यायचेत. तुमचा आणि शेजाऱ्यांचा."

"शेजाऱ्यांचा कशाला?"

"माझा घ्या," आठ नंबरच्या बाई गॅलरीतून एकदम म्हणाल्या. "आधी माझाच घ्या. खूप उशीर केला मी."

ज्ञानेशचा चेहरा उतरला. पोलिसांच्या जीपमध्ये बसताना त्यानं सासूकडं वळूनही पाहिलं नाही. गाडी वळणाआड गेली तशी माणसं पांगायला लागली. सुलाबाई तिथंच बसून होती.

"मावशी, पलीकडं माझं घर हाय," भिका म्हणाला. "घासभर खा. मग कळवणच्या गाडीत बशिवतो."

"मला काय नको. हितंच बसू दे तिच्याजवळ."

"नाय, चला. लांब नाय."

त्यानं तिला जवळजवळ उचलूनच नावेत बसवलं. वाटभर सुलाबाईचा हात पाण्यात होता, काहीतरी चाचपत असल्यासारखा. भिका दोनदा बोलायला गेला आणि दोनदा थांबला. मागं गॅलऱ्यांत अजून माणसं उभी होती आणि पाण्यावरून आवाज लांब जातो. तो जोरजोरात वल्ही मारत राहिला.

पलीकडच्या काठावर घराच्या दारात त्याची बायको लंकाबाई वाट बघत उभी होती.

"आणलं का वो?"

"आणलं."

सुलाबाई उंबरा ओलांडून आत गेली आणि जागच्या जागी थांबली. चुलीपुढून एक पोरगी उठली. अंगात लंकाबाईचं ढगळ लुगडं, केस वाळून विस्कटलेले, हातात चहाची बशी. बशी खाली पडली. "आई," एवढंच ती म्हणाली. मग बराच वेळ त्या घरात दोघींच्या रडण्याखेरीज आवाज नव्हता आणि ते रडणं सकाळपासूनच्या रडण्यासारखं नव्हतं.

लंकाबाईनं दार लोटून घेतलं. भिकानं ओला पंचा दोरीवर टाकला, भिंतीला पाठ टेकली आणि दिवसभर कोंडलेला श्वास सोडला.

"संजना," तो म्हणाला, "सकाळी अर्ध्यात आल्यावर थांबलीस ना? कितींदा शिकवलं तुला, पोहताना मागं बघायचं नाय."