पहिलं पाऊल

गहिनीनाथची शिवकन्या दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "भिऊ नका, तिच्यासंगं खेळा." तेव्हापासून हा झुपकेदार मिशांचा मेंढपाळ रोज पोरीपुढं मेंढरागत बें-बें करत रांगायचा आन् पोरगी खिदळायची.

एक दिवस रांगता रांगताच त्याच्या कंबरेत उसण भरली. ना उठता येई, ना बसता.

"आईला बोलीव गं," तो कण्हला.

शिवकन्या चौकट धरून उभी राहिली आणि डुगडुगत थेट चुलीपाशी पोचली. तिची आई द्वारका हरखली. लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली, तर नवरा अंगणात चार पायांवर. तिनं तसाच माहेरी फोन लावला.

"आये, पोरगी चालाय लागली बघ."

 

मग नवऱ्याकडं बघत म्हणाली, "आता तेवढं तिच्या बापाचं ऱ्हायलंय."