मेंढपाळाचं बक्षीस

सणसवाडीच्या कंपनीत लागोपाठ दोन शिफ्ट ओढून भिमा सकाळी घरी आला आणि बूट न काढताच भिंतीला टेकला. धनश्री शाळेसाठी गोष्ट लिहीत बसली होती.

"पप्पा, राजपुत्रानं राक्षस मारला. पण त्याची ढाल, पाणी, भाकरी सगळं मेंढपाळानं वाहिलं. राजपुत्राला मी गादी दिली. मेंढपाळाला काय देऊ?"

"त्याला झोपू दे, बाई." भिमाचे डोळे मिटत होते.

"आन् तवर राजपुत्र काय करंल?"

तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. कोणीतरी दांडी मारली असणार, पुन्हा बोलावणं. भिमाचा हातच उचलेना. फोन धनश्रीनं घेतला.

"पप्पा झोपल्यात," ती ठासून म्हणाली. "न्हाई उठवणार. पहाऱ्यावर मी हाय."