सहा माणसांची शांतता

आठव्या बाईलाही यंत्राने शांत ठरवलं.

तिचे ओठ पांढरे पडले होते. स्वेटरची कड तिने मुठीत पिळून धरली होती. भीतीचे झटके येतात म्हणूनच तर ती इस्पितळात दाखल झालेली. तरी पडद्यावरचा दिवा हिरवागार. मार्टा हॅल्व्हरसनने तिच्या अंगावरच्या पट्ट्या काढल्या आणि ती जिना उतरून तळघरातल्या प्रयोगशाळेत आली.

“आठही शांत?” कोंग व्हांगने विचारलं. यंत्रांची देखभाल तो करायचा. “बाई गं, मग त्यांना घरी सोडू आणि आपण दाखल होऊ.”

मार्टाला हसू आलं नाही. शुक्रवारपर्यंत यंत्राने एक तरी भीती ओळखली नाही, तर इस्पितळ ते परत पाठवणार होतं. यंत्र गेलं की प्रबंध गेला. हे सहावं वर्ष. बरोबरीच्या मुली केव्हाच पदवी घेऊन पांगल्या, कुणी ड्युलुथला, कुणी थेट टेक्ससला. मार्टा मिनिआपोलिसच्या या तळघरात. बाहेर तळी गोठायची, वितळायची, पुन्हा गोठायची. प्रबंधावर तिचे मार्गदर्शक प्रोफेसर रेन्विक यांची सही झाल्याशिवाय तिची सुटका नव्हती.

काम तसं साधं. छातीवर, मनगटावर पट्ट्या चिकटवायच्या. कातडीखालून मज्जातंतू मेंदूचे निरोप घेऊन धावतात, त्यांची चाहूल पट्ट्या टिपतात. माणूस भ्याला की निरोपांची दाटी होते. पण किती दाटी म्हणजे भीती? ते कळायला यंत्राला आधी शांत माणसं दाखवावी लागतात. बाहेरची माणसं आणायची तर परवानग्या, कागद, महिनोन्‌महिने वाट. म्हणून पोरं एकमेकांनाच पट्ट्या लावत. तिथली रीतच ती. सहा विद्यार्थी, सहा शांत माणसं. प्रत्येक नोंदीला रेन्विक सर जातीने हजर, खुर्चीच्या मागे उभे. हयगय त्यांना खपत नसे.

ओरडत मात्र ते कधीच नसत. हळूच म्हणत, “पुन्हा.” त्या एका शब्दाने मार्टाचे किती रविवार खाल्ले, तिलाच ठाऊक.

“दोष पट्ट्यांत असेल,” आताही ते तिच्या मागे येऊन उभे राहत म्हणाले. “स्वतःला लावून बघ. पुन्हा.”

ती खुर्चीत बसली. कोंगने पट्ट्या लावल्या, स्पीकर चालू केला. तिच्या अंगातले निरोप खोलीभर ऐकू येऊ लागले. तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसे. तड तड तड. दिवा हिरवा.

“नेहमीइतकीच शांत,” सर म्हणाले. “म्हणजे पट्ट्या चांगल्या आहेत.”

त्यांचा फोन वाजला. ते बाहेर गेले. दार लागलं.

लाह्या थांबल्या.

“पट्टी सुटली वाटतं,” कोंग पुटपुटला. त्याने एकेक पट्टी दाबून पाहिली. सगळ्या घट्ट. इतक्यात एक लाही फुटली. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग आणखी एक. हिमवादळ सरल्यावर अंगणात असतं, तसलं काहीतरी खोलीत पसरलं. हे आपल्या आतून येतंय यावर मार्टाचा विश्वास बसेना.

दार उघडलं. सर आत आले. तड तड तड तड.

कोंग तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात आवाज बंद करायला गेला. तिने तो धरला. “राहू दे.”

“काय झालं?” सरांनी विचारलं.

लाह्या कढईबाहेर उडू लागल्या. लपायला जागाच उरली नव्हती.

“सर, जरा बाहेर जाल का?”

“कशाला?”

“आणि मग आत या.”

सहा वर्षांत तिने त्यांना सांगितलेलं हे पहिलंच काम. ते गेले. आवाज निवला. ते आले. आवाज उसळला. दाराच्या मुठीवर हात ठेवून ते तसेच ऐकत उभे राहिले. तीस वर्षं ज्यांनी मज्जातंतूंचे हेच आवाज ऐकले, त्यांना आणखी काय सांगायचं?

“माझ्यामुळे?”

“हो सर. सहाही नोंदींच्या वेळी तुम्ही मागे उभे होतात. आम्ही भ्यालेलो होतो, आणि यंत्राला आपण ते शांत म्हणून शिकवलं. वरच्या आठ जणी आमच्याहून जास्त भ्यालेल्या नाहीत, एवढंच.”

सरांचे कान लाल झाले. ते बाहेर गेले. या वेळी त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. बराच वेळ गेला. कोंगने तीनदा घड्याळ पाहिलं.

मग दारावर टकटक झाली. स्वतःच्या प्रयोगशाळेचं दार त्यांनी आजवर कधी वाजवलं नव्हतं.

“येऊ का?”

“या.”

ते येऊन खुर्चीसमोर उभे राहिले. मागे नाही, समोर. चष्म्यामागचे डोळे थकलेले दिसत होते. मार्टाने ते एवढ्या जवळून कधी पाहिलेच नव्हते. ते कान देऊन ऐकू लागले. एक लाही फुटली. मग काही नाही. मग काहीच नाही.

सरांचा चेहरा उजळला. हाडाचा शिक्षक जागा झाला. “बघ, मी इथे तुझ्यासमोर उभा आहे आणि काही वाजत नाहीये. तुझा तर्क टिकत नाही, मार्टा.”

तिने सावकाश श्वास सोडला.

“कोंग,” ती म्हणाली, “ही नोंद जपून ठेव. यंत्राला दाखवायला आता आपल्याकडे एक शांत माणूस आहे.”