तीनदा कुलूप

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा, एका बाईची गोष्ट ऐका.

वीजप्रकल्पाशेजारच्या वस्तीतली ही बाई प्राध्यापकांच्या खोलीत तणतणत शिरली. प्रकल्पासाठी त्यांनी केलेल्या पाहणीच्या अहवालात तिचं घर ‘राजीखुशीने स्थलांतरित’ ठरलं होतं आणि त्या शब्दांच्या आधारावर प्रकल्पवाले उद्या ते घर पाडणार होते.

“माणूस तीनदा पाठवला. तीनदा कुलूप! म्हणजे गेलेत, अशी आमची पद्धत आहे,” प्राध्यापक खेकसले.

“शेजारी विचारायचं होतं!”

“अख्ख्या वस्तीला कुलूप होतं, बाई!”

“असणारच! तिन्ही दिवस सगळे प्रकल्पाच्या फाटकावर बसलो होतो, घरं सोडणार नाही म्हणून.”

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. “आता छापून झालंय. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“तोवर काय तुमच्या पुस्तकात राहू?”

मायबापहो, दिव्याचं बटण दाबाल तेव्हा तिला आठवा. ती वीज तिच्या मोडलेल्या चुलीवरून येते.