निर्धूर चूल

ग्रामसेवक म्हणून त्या वर्षी मला वालूरकडच्या वस्त्यांवर चाळीस निर्धूर चुली बसवायच्या होत्या. त्यातल्याच एका वस्तीवरच्या दगडाबाई नको म्हणत होत्या. मी मागेच लागलो, चूल बसवली आणि धुराचा पाइप छपरातून बाहेर काढून दिला.

पुढच्या हिवाळ्यात इंधन-पाहणीचा फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"मावशी, सरपण किती लागतं आता?"

"निम्म्यावर आलंय बगा."

"आणि खोकला?"

"न्हाई राहिला. डोळे बी चुरचुरत न्हाईत. लय चांगली चूल हाय, भाऊसाहेब."

मी खुशीत भराभर लिहीत गेलो. "मग आता हुरडा खाऊ घाला."

"औंदा कुठला हुरडा. अर्धं रान उगवलंच न्हाई. बियाण्याच्या ज्वारीला किडा लागला. इतक्या वर्सांत कदी लागला नव्हता."

"कणसं ठेवली कुठं होती?"

"हितंच की, चुलीच्या वर, आढ्याला. नेहमीसारखी."

मी वर पाहिलं. आढं जुन्या धुरानं काळंभोर झालेलं होतं. माझी आईसुद्धा बियाण्याची कणसं चुलीवरच टांगायची. धुरातल्या दाण्याला किडा लागत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"माझंच कायतरी चुकलं आसंल," दगडाबाई म्हणाल्या.

"असेल," मी म्हणालो, आणि फॉर्मवर 'चुलीचे तोटे' या शेवटच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं.